उजेड मागून हवा

३ मार्च, मंगळवार

सगळ्यात आधी आली ती वरच्या मजल्यावरची शिवणवाली. तोंडात टाचण्या तशाच धरलेल्या, गळ्यात मोजायची फीत. मला म्हणते, "आजी, तुमच्या मागच्या भिंतीवर दोन पोरी चढल्यात." मी म्हटलं, आधी त्या टाचण्या काढ बाई, गिळशील. तिनं एकेक काढून बाहीला टोचली, तोवर माझा जीव वर-खाली. मग सांगते, "एकीच्या गळ्यात हे एवढं यंत्र आहे. झाडाकडं बघून ती हसतेय की रडतेय, काही कळत नाही."

मी झाडू घेऊन मागच्या दारी गेले. गुडघे माझे हे असे, पण झाडू हातात असला की चालतात. तर खरंच दोघीजणी. एक शिडीसारखी लांब, ती खाली उभी. दुसरी भिंतीवर बसलेली, पाय सोडून. आणि ते पाय! दोन्ही अंगठे आत वळलेले. असे पाय मी जन्मात एकाच पोरीचे पाहिलेत. झाडू तिथंच टेकवला.

"कोण गं तू?"

"लगेच जाते, आजी. फक्त झाडाचे फोटो घेतेय. इतकी फुलं मी कधी बघितली नव्हती."

"खाली उतर. तुझ्या आईनं ह्याच भिंतीवरून पडून गुडघा फोडून घेतला होता."

तिनं पाय वर ओढून घेतले. लांबडी हळूच म्हणाली, "संपलं. पकडली गेलीस."

अगं, तुझी लेक! माझ्या दारात! तुझ्यापेक्षा उंच आहे, नाक मात्र आपल्याकडचं नाही, ते तुझ्या ट्रंपेटवाल्याचं. तिच्यावर रागावू नकोस. दोन गाड्या बदलून आली बिचारी. कॉलेजात फोटो काढायलाच शिकते म्हणे, लांबडी तिथलीच मैत्रीण. आता हे रक्तात कुठून आलं ते मी सांगायला नको. बिस्किटांचा नवा डबा फोडला. दोघींनी मिळून अर्धा संपवला, आणि मला इतका आनंद झाला की उरलेला अर्धा त्यांच्या पिशवीत कोंबला.

पत्ता कुठून मिळाला, विचारलं. तर म्हणाली, तुझ्या कपाटात पाकिटं आहेत. मागे आपल्या स्टुडिओचा शिक्का. सतरा मोजली तिनं. मी एकोणीस टाकली होती, दर वर्षी झाड फुललं की एक. दोन पोस्टानं खाल्ली असतील. एकही फोडलेलं नाही म्हणाली. मला वाटलं होतं तू फेकून देत असशील, आणि तू ठेवलीयस! पोरीनं आणखी एक सांगितलं. लहानपणी तिनं लपून बघितलंय, पाकीट आलं की तू ते खिडकीच्या काचेला लावून धरतेस. कितीतरी वेळ. मग कपाटात ठेवतेस. बापाचीच सवय ती, दुसऱ्या कुणाची?

हे बरे आहेत. खाट खिडकीशी घेतलीय, हवा लागावी म्हणून. परवा पुन्हा येते म्हणाली. ऊन आज वर चढलं होतं, ते झाडाच्या मागे असताना यायला हवं, असं काहीसं. मी म्हटलं, ये. भिंतीवरून नको, दारातून ये.

६ मार्च, शुक्रवार

सातला हजर! परवाच्या ऐवजी आज आल्या, पण आल्या. मी अजून तोंडसुद्धा धुतलं नव्हतं. पोरगी आली ती थेट अंगणात जाऊन उताणी झोपली. थंड जमिनीवर! मी जुनी सतरंजी नेऊन दिली, तर म्हणते, "आजी, बाजूला हो, तुझी सावली पडतेय." आपल्याच अंगणात मला बाजूला हो म्हणणारी तू गेल्यापासून कुणी नव्हतं. झाले बाजूला.

ते झाड तुला माहीतच आहे. नासपतीचं म्हणून आणलं, आजवर एक नासपती दिली नाही, नुसतं फुलतं. रोज बघून बघून मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. पण तिनं मला शेजारी बसवलं आणि म्हणाली, इथून बघ. लाँड्रीच्या छपरावरून ऊन येत होतं, अगदी आडवं. फुलांच्या पाठीमागून. अगं, पाकळ्या आतून पेटल्यासारख्या! बारीक शिरासुद्धा दिसत होत्या. तान्ह्या बाळाच्या कानामागून उजेड आला की कान कसा दिसतो, तसं. तुझा दिसायचा. मला इतकं भरून आलं की मी तिला म्हटलं, सर्दी होईल, ऊठ.

तेवढ्यात खिडकीच्या काचेवर टकटक. हे. चमच्यानं काच वाजवत होते. आत गेले तर डावा हात हलवून म्हणतात, "खोड. खोडामागं." हल्ली कमी बोलतात, मला आधी समजलंच नाही. पोरीला मात्र बाहेरून समजलं. ती अर्धं पाऊल सरकली, सूर्य खोडाच्या आड गेला आणि ती ओरडलीच, "आजोबा, झालं!" यंत्रात पांढरं पांढरं फासल्यासारखं येत होतं म्हणे, ते गेलं. सूर्य लपवायचा आणि उजेड ठेवायचा. हे पुटपुटले, "मागून हवा. उजेड." ह्या हिवाळ्यात मी त्यांच्या तोंडून सलग इतके शब्द ऐकले नव्हते.

मग खाटेवर कॉम्प्युटर उघडला. तुला ह्यांची ती उतरती चौकट आठवते? खाली आरसा, वर घासलेली काच, काचेवर निगेटिव्ह, आणि हे दिवसभर सुईसारखी पेन्सिल घेऊन लोकांच्या सुरकुत्या भरत बसायचे. तू त्या आरशापुढं तोंड वेडंवाकडं करायचीस आणि ह्यांना निगेटिव्हमधून तुझी जीभ दिसायची. हे यंत्र तसंच निघालं. मागून उजेड, पुढं चित्र. हे असे टक लावून बघायला लागले की मी औषध द्यायचं विसरले.

पोरगी एकेक पुसत होती. विजेची तार पुसली. एका पाकळीची करपलेली कड पुसली. काळोख कुठं थोडा वाढवला, कुठं कमी केला. दर वेळी ह्यांच्याकडं बघायची, आणि हे मान हलवायचे. पुढं जा. स्टुडिओत हाताखालच्या माणसांना करायचे तसंच.

मग एक फांदी आली, तिच्याभोवती काळं कडं. तुझ्या झोपाळ्याची दोरी. झोपाळा आपण कधीच काढला, पण एक वेढा फांदीच्या सालीत रुतून बसलाय. रोज नजरेला पडत नाही. मागून उजेड आला की असा दिसतो, की दुसरं काही दिसत नाही.

लांबडी म्हणाली, "हे घाण दिसतंय. उडव."

पोरगी उडवणार, तेवढ्यात ह्यांनी तिचं मनगट धरलं. डाव्या हातानं.

"राहू दे."

"आजोबा, सगळं लक्ष तिकडंच जातंय."

"जाऊ दे." आणि मनगट सोडून म्हणाले, "एकदा केलं. पुरे."

"काय केलं एकदा?" लांबडीनं विचारलं. तिला सगळंच विचारायचं असतं.

मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि स्वयंपाकघरात गेले. गॅसवर काही नव्हतं. तिथं नळ सोडून उभी राहिले.

परत आले तर तुझी लेक भिंतीवरच्या फोटोसमोर. आपल्या घरातला तो मोठा, काळ्या पडद्यापुढचा. हे, मी, तुझा धाकटा भाऊ. ती नाक लावून बघत होती.

"आजी, तुझ्या खांद्यावर ही बोटं कुणाची?"

"शालीची घडी आहे ती." एकोणीस वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आलेय, आजवर कुणी वाद घातला नाही.

"घडीला नखं असतात?"

मी म्हटलं, बिस्किटं खा.

दोन-चार दिवसांत फोटो साफ करून, कागदावर काढून आणते म्हणाली. तो ह्या पाकिटात घालून पाठवीन. तुला झाड तर दिसेल. म्हणून हे आणि आधीचं पत्र अजून टाकलेलं नाही.

११ मार्च, बुधवार

पोरगी आली नाही. शिवणवालीच्या फोनवर फोन आला होता. "आजी, एका जागी अजून नीट होत नाहीये. दोन दिवस दे." मला हसूच आलं. हे एका नवरीच्या हनुवटीवर तीन दिवस बसले होते, तोवर नवरी येऊन भांडून गेली. मी विचारलं, तुझ्या आईला सांगितलंस का? तर म्हणते, फोटो पुरा होऊ दे, तोच आधी दाखवते.

फुलं गळायला लागलीत. शिवणवाली रोज सकाळी पाकळ्या झाडते आणि रोज म्हणते, फळ नाही ते नाही, वर कचरा. मी सुपली धरते.

आता जे लिहायचंय ते लिहिते. तिसरीपर्यंत शिकलेली मी, मला आडून लिहिता येत नाही, एकोणीस वर्षं कशी लिहीत आले कोण जाणे. त्या सतरा पत्रांत काही नाही. हवा-पाणी, मांजर, भावाची मुलं. फोडली नाहीस ते बरंच केलंस.

हे बरे नाहीत. पानगळीच्या दिवसांत उजवी बाजू गेली. हात गेला, तोच. डॉक्टर फेब्रुवारीत म्हणाले, जवळच्यांना कळवून ठेवा. मी म्हटलं, कळवते. हे ते कळवणं.

आणि दुसरं. फोटोतून तुला काढायला मी सांगितलं होतं.

तू त्या ट्रंपेटवाल्याबरोबर गेलीस त्याला दोन महिने झाले होते. भावाच्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी येणार होती, रविवारी. मला रात्रंदिवस एकच. ती माणसं विचारणार, ही कोण? कुठं असते? मी ह्यांना म्हटलं, हिला काढा. हे नाही म्हणाले. दोन दिवस नाही म्हणाले. मग मी म्हटलं, तुम्ही काढत नसाल तर मी फोटोच जाळते, आणि काडेपेटी घेऊन खरंच उभी राहिले. त्यांना माझा स्वभाव माहीत होता.

ते चौकटीपाशी बसले. पातं घेतलं. तुला तर सगळं ठाऊक आहे, निगेटिव्हवरचा थर खरवडला की कागदावर ती जागा काळी येते. मागे काळा पडदा होताच. तुला खरवडून खरवडून पडद्यात मिसळवलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पाय आधी, मग झगा, मग केस. चेहरा सगळ्यात शेवटी. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, बाहेर ठेव. संध्याकाळी नवा फोटो माझ्या हातात दिला. म्हणाले, "बोटं नाही काढली. ती काढायला गेलो तर तुझा खांदा जातो."

ती माणसं आली. जेवली. बागेचं कौतुक केलं. भिंतीकडं एकानंही मान वर करून बघितलं नाही.

आणि पुढच्या महिन्यात तू आलीस. बॅग हातातच. बसलीसुद्धा नाहीस. आधी फोटो बघितलास, मग ह्यांना. म्हणालीस, "बाबा, हात नाही थरथरला तुमचा?" हे म्हणाले, "नाही." मी तिथंच होते गं. गॅसपाशी, हातात डाव. एक शब्द बोलले असते की ह्यांचं ऐकू नकोस, मी सांगितलं होतं, तर तू बॅग खाली ठेवली असतीस. माझ्यावर चिडली असतीस, मला बोलली असतीस, पण ठेवली असतीस. मी डाव धुवायला लागले. दार वाजलं तेव्हा माझी पाठ होती.

ह्यांनी माझं नाव सांगितलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. एकोणीस वर्षांत एक टोमणा नाही मारला. मारला असता तर बरं झालं असतं. भांडून मोकळी झाले असते.

आज सकाळी डोळे उघडल्या उघडल्या म्हणाले, "आली?" मी म्हटलं, पोरगी रविवारपर्यंत येईल. त्यांनी मान हलवली. नाही. तिचं नाही विचारलं.

ये. राग आणायचा असेल तर माझ्यासाठी आण. पण ये.

१७ मार्च, मंगळवार

वरचं पत्र टाकलं नाही. तीनही पत्रं बिस्किटांच्या डब्यात पडून होती. मी स्वतःला सांगत होते, फोटो आला की सगळं एकदम टाकू. पोरगी फोटो साफ करत बसली आणि मी वाट बघत बसले. पण खरं सांगते, फोटोचं निमित्त झालं. मला भीती होती की तुला कळलं तर तू पोरीचं येणं बंद करशील. आणि त्याहून जास्त ही, की तू येशील आणि ते मला तोंडानं सांगावं लागेल.

तुझे बाबा शनिवारी सकाळी गेले.

साडेसात झाले असतील. मी त्यांना उशीला टेकवून बसवलं होतं, खिडकीकडं पाठ करून, कारण उन्हाचा त्रास होत होता. चमच्यानं पाणी पाजत होते. ऊन त्यांच्या पाठीमागून आलं, आणि कान असा लाल झाला, आतल्या शिरा दिसायला लागल्या. मी बघतच राहिले. पंचावन्न वर्षं झाली लग्नाला, मी त्या माणसाचा कान कधी असा बघितला नव्हता. म्हटलं, पोरगी हवी होती आत्ता यंत्र घेऊन. त्यांना हे सांगायला वाकले तर चमच्यातलं पाणी हनुवटीवरून खाली आलं. कान अजून लालच होता.

भाऊ आला. सगळं दुपारपर्यंत उरकलं. त्यानं विचारलं, ताईला कळवलं का? मी म्हटलं, हो.

शनिवारी सकाळी तुला दोनदा फोन आला आणि कुणी बोललं नाही, ती मी होते. पोरीनं नंबर लिहून दिला होता, शिवणवालीनं लावून दिला. तू म्हणालीस, "हॅलो." मग म्हणालीस, "कोण बोलतंय?" आवाज जाडा झालाय तुझा. सर्दी आहे का? मी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. शिवणवाली शेजारून म्हणते, बोला ना आजी, बोला ना. दुसऱ्यांदा तू म्हणालीस, "कोणाला काम नाही का?" आणि ठेवलास. बरोबरच केलंस. पण तेव्हा हे अजून खाटेवर होते. तू निघाली असतीस तर दुपारच्या आत पोचली असतीस. हेसुद्धा माझ्याच नावावर लिही.

पोरीला अजून माहीत नाही. तिचा परवा पुन्हा फोन येऊन गेला, ह्या शिवणवालीनंच घेतला, मी हातानं खूण केली की सांगू नकोस. आधी तुला कळायला हवं, लेक तू आहेस. फोटो पुरा झालाय म्हणाली. मोठा काढलाय, चौकटीसकट, आजोबांच्या खाटेसमोर लावायला. "दोरी ठेवलीय, आजोबांना सांग," म्हणाली.

मी खाट हलवलेली नाही. आज त्या काळ्या फोटोवरची धूळ पुसली. खांद्यावरची बोटं मोजली, चारच आहेत. अंगठा पाठीमागं असणार.

आता पाकीट. तू फोडणार नाहीस हे मला माहीत आहे. काचेला धरशील. म्हणून एक वेगळा कागद लिहिते, मोठ्या अक्षरात, आणि तो घडी न घालता सगळ्यात वर ठेवते. पाकीट शिवणवालीनं पातळातलं पातळ आणलंय. अक्षरं उलटी दिसली तर फिरवून बघ. निगेटिव्ह तर तू शाळेत जायच्या आधीपासून वाचायचीस. पोस्टमन म्हणाला, तीन दिवसांत पोचतं.

उजेड मागून हवा एवढंच लक्षात ठेव.

वरचा कागद

बाबा शनिवारी गेले.

तुला काढायला मी सांगितलं होतं. त्यांनी नाही.

दोरी अजून झाडावर आहे.

पोरी पुन्हा येणार म्हणाल्यात. रविवार, २२ मार्च. सकाळी सातला.